बनीचं बिल कोण भरणार?

शनिवारी संध्याकाळी बंगळुरूच्या चर्च स्ट्रीटवर थोडा वेळ उभं राहिलं, तर एक नवी जमात नजरेस पडते. अंगात तपकिरी चौकड्यांचा लोकरी कोट, डोळ्यांवर गोल चष्मा, खांद्याला कॅनव्हासची पिशवी आणि चेहऱ्यावर सुतकी भाव. बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचावर आहे हे खरं. पण मार्च महिन्यात ट्वीडचा कोट घालावा इतकंही ते उंच नाही. कोटाच्या आत घामाच्या धारा लागलेल्या असतात. तरी गुंडी सुटत नाही. पिशवीत हमखास एक जाडजूड पुस्तक असतं : डोना टार्ट या अमेरिकन लेखिकेची ‘द सीक्रेट हिस्टरी’.

या साऱ्या प्रकाराला ‘डार्क अकॅडेमिया’ म्हणतात. जुनं कॉलेज, दगडी कमानी, रिमझिम पाऊस, फाउंटन पेन, मेलेल्या भाषा आणि अधूनमधून मेलेली माणसं, एवढं सामान जमलं की डार्क अकॅडेमिया झालं. ही टूम खरी फोफावली २०२०च्या टाळेबंदीत. कॉलेजं बंद झाली आणि जी मुलं एरवी पहिल्या तासाला कधी दिसली नसती, ती घरी बसून ग्रंथालयाच्या विरहात झुरू लागली. बाकीच्या जगात हा विरह टिकटॉकवर चालला होता. भारतात त्या जूनच्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली, त्यामुळे आपल्याकडे तो इन्स्टाग्रामवर आला आणि तिथून माझ्या भाचीच्या खोलीत. मग तिने ते पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, “मावशी, वाच. सगळे जण भयंकर आहेत. तुला नक्की आवडेल.”

या वाक्यातून माझ्याविषयी काय ध्वनित होतं, ते मी विचारलं नाही.

कादंबरी १९९२ सालची. टार्टबाईंनी तेव्हा तिशीही गाठलेली नव्हती. तरी प्रकाशकाने या नवख्या लेखिकेच्या पहिल्याच आवृत्तीच्या ७५,००० प्रती छापल्या. हा आकडा मराठी प्रकाशकाला सांगायचा झाला, तर आधी त्याला खुर्ची द्यावी आणि मग पाणी. बाईंची दुसरी कादंबरी आली २००२ साली आणि तिसरी २०१३ साली. तिला पुलित्झर मिळालं. म्हणजे साधारण दशकाला एक. दिवाळी अंकासाठी त्यांच्याकडून कथा मागवायची तर संपादकाने पत्र आजोबांच्या हयातीतच टाकून ठेवायला हवं होतं.

गोष्ट घडते अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, हॅम्पडेन नावाच्या काल्पनिक कॉलेजात. टार्टबाई स्वतः त्याच राज्यातल्या बेनिंग्टन कॉलेजात शिकल्या, त्यामुळे मूळ कुठलं ते उघड आहे. तिथे पाच-सहा विद्यार्थी प्राचीन ग्रीक शिकतात. त्यांच्यातला एक, बनी, मारला गेलाय आणि त्याला मित्रांनीच मारलंय, हे बाई सुरुवातीलाच सांगून टाकतात. खुनी कोण हे आधीच ठाऊक. मग का मारलं आणि मारल्यावर या मंडळींच्या घशाखाली घास कसा उतरला, हे पाहत आपण पाचशेहून जास्त पानं चालत राहतो.

मंडळींची ओळख करून द्यायला हवी. हेन्री हा त्यांचा म्होरक्या : गडगंज श्रीमंत, कितीतरी भाषांचा पंडित, पण माणूस चंद्रावर जाऊन आला ही बातमी त्याच्यापर्यंत पोचलेलीच नाही. फ्रान्सिसच्या हाताशी गावाबाहेर मोठं घर आहे. चिंता करायला निवांत जागा हवी म्हणून असावं. चार्ल्स आणि कॅमिला ही जुळी भावंडं. ती दिसायला इतकी देखणी आहेत की त्यांना स्वभाव आहे की नाही, हे बराच वेळ कुणी तपासतच नाही. निवेदक रिचर्ड हा कॅलिफोर्नियातल्या एका पेट्रोल पंपवाल्याचा मुलगा. तो स्वतःचं श्रीमंत बालपण रचून सगळ्यांना ऐकवतो. आणि या सर्वांचे गुरू ज्युलियन. हे सद्गृहस्थ कॉलेजकडून वर्षाला फक्त एक डॉलर पगार घेतात. फुकट शिकवणाऱ्या मास्तरांपासून जपून राहावं. ते फी दुसऱ्याच कशाततरी वसूल करतात.

यांतलं एकही माणूस आपल्या घरी चार दिवस राहायला यावं असं वाटत नाही. आणि मराठी वाचकाची पंचाईत इथेच होते. आपल्याकडे नावडतं माणूस नावडतंच ठेवायची परंपरा नाही. माणूस कितीही तुसडा, कंजूष, वाईट तोंडाचा असो. लेख संपायच्या आत तो कुणा गरीब मुलाची फी गुपचूप भरतो, किंवा त्याच्या डोळ्यांच्या कडा ओलावतात, आणि तो ‘वल्ली’ होऊन बाहेर पडतो. फणस आणि नारळ ही फळं मराठी व्यक्तिचित्रांनी इतकी वापरली आहेत की कोकणातल्या बागायतदारांनी मानधन मागायला हरकत नाही. टार्टबाईंच्या पुस्तकात मीही त्याच सवयीने वाट पाहत होते. आता हेन्री विरघळेल, आता फ्रान्सिस गहिवरेल. पण बाईंनी नारळ फोडला, तर आत दुसरी करवंटी! ती फोडली, तर आत तिसरी. खोबरं नाहीच.

मराठीत कॉलेजच्या कादंबऱ्या आहेत आणि उत्तम आहेत. ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर १९६३ सालापासून पुण्यात वडिलांचे पैसे उधळून, परीक्षेत गटांगळ्या खाऊन गावी परततो आहे. ‘दुनियादारी’तला कट्टा तर इतका जिव्हाळ्याचा की त्यावर २०१३ साली निघालेल्या चित्रपटाला लोक रुमाल घेऊन गेले. आपल्या मुलांचे गुन्हे घरगुती असतात : मेसची उधारी, फुकट गेलेली वर्षं, चुकीच्या मुलीवर प्रेम. आणि त्यांतल्या बहुतेकांची शिक्षा आपली आपल्यालाच होते. मेलेल्या भाषेपायी कुणी मेलं, असं आपल्याकडे घडलेलं नाही. आपल्याकडची त्या तोडीची भाषा म्हणजे संस्कृत, आणि ती मुलं घेतात दहावीला गुण चांगले पडतात म्हणून. ‘रामः रामौ रामाः’ म्हणत मध्यरात्री रानात जाऊन भान हरपल्याचं एकही उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. शंभरात अठ्ठ्याण्णव पडले की पेढे वाटतात आणि अकरावीला भाषा सोडून देतात.

हेन्रीची मंडळी मात्र पुरातन ग्रीकांचा मद्योत्सव खरोखर करून पाहायचं ठरवतात. चौघे जण रानात जातात, भान हरपतं, आणि त्या भरात एका शेतकऱ्याचा जीव जातो. बनीला त्यांनी सोबत घेतलेलं नसतं. आता बनीला पुढे शेतकऱ्याचं कळतं. पण त्याला खरी जखम होते ती वेगळीच : मला न सांगता गेलात? इथे मात्र मी व्हरमाँटमधून थेट आपल्या एखाद्या मंगल कार्यालयात पोचले. खुनाचं एक वेळ सोडून देऊ, पण मला आमंत्रण का नव्हतं? मराठी घराघरांतली पिढीजात भांडणं याच एका प्रश्नावर उभी आहेत. बनी टोमणे मारू लागतो, चारचौघांत सूचक बोलू लागतो, खर्चाला पैसे मागू लागतो. आपल्याकडे अशा माणसाची समजूत मानाचा आहेर देऊन काढतात. त्यांनी त्याला दरीत ढकललं.

आता एक नाजूक गोष्ट सांगते. बनी ढकलला गेला, तेव्हा मला जितकं वाईट वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही. कारण पुस्तकाच्या सुरुवातीला तो रिचर्डला आग्रहाने महागड्या हॉटेलात जेवायला नेतो, मनसोक्त मागवतो आणि बिल आलं की पाकीट विसरल्याचं त्याच्या लक्षात येतं. मराठी मध्यमवर्गीय वाचकाच्या दरबारात बनीचा निकाल तिथेच लागतो. पुढची दरी ही केवळ अंमलबजावणी. शिवाय मी वाचत होते बंगळुरूत, जिथे ‘बाय टू कॉफी’ ही जुनी, मानाची रीत आहे : एक कॉफी, दोन पेले, निम्मे निम्मे पैसे. ज्या शहरात कोटीचा फ्लॅट घेतलेली दोन माणसं एका कॉफीचे दोन भाग निःसंकोच करतात, त्या शहराला बनी समजणं कठीण. आता तर पाकीट विसरायची सोयही राहिली नाही. फोनवरून पैसे जातात. फार तर “सर्व्हर डाउन आहे” म्हणता येतं, पण तेवढ्यात शेजारच्या टेबलवरचा माणूस तो सर्व्हर दुरुस्त करणारा निघतो.

ही कादंबरी बंगळुरूत घडलीच नसती, हे मी भाचीला साधार पटवून दिलं. मध्यरात्री अपार्टमेंटमधून चौघांनी पांढऱ्या चादरी गुंडाळून निघायचं, तर फाटकावरचा वॉचमन नाव, फ्लॅट क्रमांक आणि वेळ लिहून घेणार. रानात जायचं म्हटलं तर पहिला दीड तास सिल्क बोर्डच्या चौकात जाणार आणि तिथे भान हरपण्याऐवजी चांगलं ताळ्यावर येणार. कुणाला ढकलायचं, तर दरी आहे. शहरापासून साठेक किलोमीटरवर नंदी हिल्सला ‘टिपूज ड्रॉप’ नावाचा कडाच आहे. तिथून पूर्वी कैद्यांना ढकलून देत, असं सांगतात. पण रविवारी पहाटे तिथे खून करायचा तर आधी पार्किंग मिळायला हवं. मिळालंच, तर कड्याजवळ सूर्योदयाचे फोटो काढणाऱ्यांची रांग. “स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी” म्हणत ते तुम्हाला जागा करून देतील आणि सगळा प्रसंग तीन बाजूंनी चित्रित करतील. कादंबरीत प्रेतावर बर्फ पडतो आणि कितीतरी दिवस काही कळत नाही. इथे बर्फ नाही. उलट कुठेही काही पुरलं, की पंधरा दिवसांत केबल टाकायला कुणीतरी तीच जागा खणतं.

“मावशी, तू अशी चेष्टा केलीस की त्यातलं गूढ निघून जातं,” भाची म्हणाली. “बंगळुरूत खरंखुरं डार्क अकॅडेमिया कुठे असणार?”

तिला मी आमच्या मल्लेश्वरमच्या घरातून हाकेच्या अंतरावर असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेकडे बोट दाखवलं. १९०९ सालची संस्था. लोक अजून तिला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. करड्या दगडाची भव्य इमारत, मनोरा, आवारात दाट झाडी. कोट घालून फोटो काढायला याहून चांगली जागा दक्षिणेत नाही. आणि आत घडलेली गोष्ट तर कुणी रचलेलीच नाही.

१९३३ साल. चंद्रशेखर वेंकट रामन हे या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले होते. त्याआधी तीनच वर्षं त्यांना नोबेल मिळालं होतं. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिली आलेली कमला भागवत नावाची मुलगी संशोधनासाठी अर्ज करते. तिचे वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. तरी अर्ज नामंजूर. कारण? अर्जदार बाई आहे. ही दुर्गा भागवतांची धाकटी बहीण. त्या घरात नकार ऐकून गुपचूप घरी परतायची पद्धत नव्हती. दुर्गाबाईंनी पुढे १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला विरोध केला. धाकटीने त्याच्या चार दशकं आधी बंगळुरूला येऊन थेट रामन यांना गाठलं आणि आपल्याला का घेत नाही ते विचारलं. सत्याग्रहाची तयारी दाखवली. अखेर अटींवर प्रवेश मिळाला. एक वर्ष उमेदवारी, कायम प्रवेश नाही. मार्गदर्शक सांगतील त्या वेळेला, रात्री-अपरात्रीही काम करायचं. आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडवायचं नाही.

त्या संस्थेतलं वातावरण पुढच्या चार वर्षांत किती बिघडलं, ते पाहण्यासारखं आहे. कमलाबाईंचा त्यात काडीचाही हात नव्हता. रामन यांनी भौतिकशास्त्राला झुकतं माप दिल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडावं लागलेल्या माक्स बॉर्न यांना रामन यांनी १९३५ साली बंगळुरूला बोलावलं आणि त्यांना कायमचं प्राध्यापकपद द्यावं असा ठराव मांडला. तेव्हा अ‍ॅस्टन नावाचे इंग्रज प्राध्यापक उठले आणि आपल्याच देशातून हाकललेला दुय्यम दर्जाचा परका आम्हाला नको, अशा अर्थाचं बोलले. बॉर्न समोरच बसलेले होते. ही हकीकत त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. त्या ‘दुय्यम दर्जाच्या’ माणसाला १९५४ साली नोबेल मिळालं. मग १९३६ साली सर जेम्स अर्विन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९३७ साली रामन संचालकपदावरून पायउतार झाले. व्हरमाँटमध्ये माणसाला दरीत ढकलतात, आपल्याकडे चौकशी समिती नेमतात. परिणामात फारसा फरक नाही. इतिवृत्त तेवढं राहतं.

कमलाबाईंनी वर्षभरात काम असं दाखवलं की उमेदवारी संपून प्रवेश कायम झाला, आणि पुढे त्या दारातून इतर मुलीही आत आल्या. १९३६ साली एम.एस्सी. आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी., तीही जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर. टार्टबाईंना तेवढ्यात फक्त कोटांची वर्णनं पुरी करता आली असती. तो सुरुवातीचा अपमान मात्र कमलाबाई विसरल्या नाहीत. वय झाल्यावरही त्या तो स्पष्ट शब्दांत सांगत.

आता बघा, रामन यांच्याविषयी आपलं मन दुभंगतंच की नाही? २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, आणि घालावाच. शोध खरा आहे. पण १९३३ साली दाराशी उभ्या असलेल्या मुलीच्या जागेवरून पाहिलं, तर हाच विद्वान महाभयंकर वाटतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. विद्वत्तेच्या बंद खोल्या मोहक दिसतात, कारण त्यांची वर्णनं बहुधा आतली माणसं लिहितात.

टार्टबाईंच्या कादंबरीची सारी जादू याच एका युक्तीत आहे. सांगणारा रिचर्ड. त्याला त्या खोलीत शिरायचंय आणि आपणही त्याच्यामागे नाक लावून उभे. हेन्री आपल्याला आवडत नाही असं आपण म्हणतो खरं. पण हेन्रीने आपल्याला ओळखावं, वर्गात घ्यावं, आपल्या ग्रीकचं कौतुक करावं, असं आत कुठेतरी वाटत राहतं. नावडत्या माणसांच्या कंपूत जागा मिळावी ही इच्छा सार्वत्रिक आहे. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपचे निम्मे गट कधीच ओस पडले असते.

आणि बाईंनी खरा चिमटा काढलाय तो पुढेच. बनीच्या मृत्यूसाठी पुस्तकात केवढी पानं आहेत. त्याचा शोध, त्याची अंत्ययात्रा, मित्रांच्या झोपा उडणं, दारू, डोकेदुखी. आणि तो शेतकरी? रात्री आपल्या मुलखातून जाताना चार श्रीमंत पोरांच्या हातून मेलेला तो माणूस? त्याच्यासाठी या हळव्या, पंडित मंडळींपैकी कुणी नीट रडत नाही. त्याचं नाव काय, असं मी भाचीला विचारलं. तिने ही कादंबरी अनेकदा वाचलेली. कुणाच्या कोटाला कसली बटणं आहेत ते ती सांगू शकते. नाव तिला आठवेना. पुस्तक वाचलेल्या तिच्या सगळ्या मैत्रिणींना विचारलं, त्यांनाही आठवेना. याचा अर्थ पात्रं भयंकर आहेत ही आपली तक्रार अर्धीच झाली. साडेपाचशे पानं त्यांच्या संगतीत काढल्यावर आपणही थोडे तसेच होतो, आणि बाईंना नेमकं हेच दाखवायचं असणार. तसं असेल, तर पुस्तक थोर आहे. पण मग बाईंनी त्या पोरांचे चष्मे, छत्र्या आणि चहाच्या वेळा इतक्या प्रेमाने का रंगवल्या? तीस वर्षांनी चर्च स्ट्रीटवर त्याचेच कोट शिवले गेले, शेतकऱ्याची घोंगडी कुणी पांघरली नाही. ही तक्रार मी मागे घेत नाही.

तेव्हा निकाल असा. पुस्तक वाचा, अशी पकड फार थोड्या कादंबऱ्यांना जमते. पात्रं आवडली नाहीत म्हणून मध्येच सोडू नका, आणि आवडू लागली तर दोन दिवस बाजूला ठेवा. कोट घालायचाच असेल तर डिसेंबरपर्यंत थांबा. विज्ञान संस्थेसमोर फोटो काढलात, तर त्याखाली कमला भागवतांचं नाव लिहा. ते फार लोकांना ठाऊक नाही आणि असायला हवं. आणि मित्रांबरोबर जेवायला गेलात, तर आपल्या वाट्याचं बिल आपण भरा. बऱ्याच पुढच्या भानगडी त्यानेच टळतात.